मोठ्या जाळावरचे परतणे

मराठी स्वयंपाकघरात 'परतणे' या क्रियापदाचा जितका राबता आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्याचा असेल. आपण कांदा परततो, रवा परततो, फोडणीवर भाजी परततो, रात्रीचा उरलेला भात सकाळी परततो. आणि या सर्व ठिकाणी मूळ कल्पना एकच असते की, तापलेल्या लोखंडाला टेकलेली बाजू वर यावी आणि वरची खाली जावी. ही क्रिया चिनी लोकांनी ज्या पूर्णत्वाला नेली त्या रूपात तिला इंग्रजी भाषेत मात्र १९४५ सालापर्यंत नेमका शब्दच नव्हता, आणि तो तिला मिळाला तो नानजिंगमध्ये जन्मलेल्या एका डॉक्टर बाईंच्या पुस्तकातून. त्या बाईंची हकीकत यथाक्रम पुढे येईल. पण त्यांनी ज्या क्रियेला परभाषेत नाव दिले ती क्रिया कशी घडत गेली, कोणत्या इंधनाने, कोणत्या धातूने आणि कोणत्या हातांनी घडवली, हे पाहण्याची उत्कंठा मला अनेक वर्षे आहे. याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरी महिन्यातून एखाद्या रविवारी डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या, कांद्याची पात, गाजर, कोबी आणि ढोबळी मिरची लोखंडी कढईत चिनी पद्धतीने परतली जातात, आणि दर वेळी एक विसंगती मनाला जाणवते: कढई विस्तवावर असते ती जेमतेम चार-पाच मिनिटे, पण त्याआधी सुरी चालत असते ती पाऊण तास. ज्याला लोक 'झटपट' म्हणतात त्या पदार्थातला वेळ नाहीसा झालेला नसतो. तो चुलीवरून उठून पाटावर जाऊन बसलेला असतो. हे स्थलांतर कसे झाले, हाच या लेखाचा विषय आहे.

या क्रियेला चिनी भाषेत 'छाओ' म्हणतात. त्या शब्दाचा आरंभीचा अर्थ धान्य कोरडे भाजणे असा होता, म्हणजे आपण ज्याला लाह्या फोडणे किंवा भाजणी भाजणे म्हणू त्या जातीचा. आणि आजही चहाची हिरवी पाने तापल्या कढईत हाताने हलवून सुकवण्याला चिनी लोक हाच शब्द वापरतात. त्यात तेल कधी शिरले हे सांगताना अभ्यासक बहुधा सहाव्या शतकातल्या एका ग्रंथाकडे बोट दाखवतात. जिया सिश्ये नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याने रयतेच्या उपयोगाच्या विद्या एकत्र करून 'छीमिन याओशू' हा कृषिग्रंथ लिहिला. नांगरणीपासून मद्य गाळण्यापर्यंत सर्व काही असलेल्या त्या ग्रंथात अंडी परतण्याची कृती आहे. अंडी फोडून तांब्याच्या भांड्यात पिवळे-पांढरे एक होईपर्यंत ढवळायची, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग बारीक करून घालायचा, मीठ आणि खारवलेले सोयाबीनचे दाणे टाकायचे व तिळाच्या तेलात परतायचे. मुंबईच्या कोणत्याही नाक्यावर रात्री अकरा वाजता जी भुर्जी मिळते तिची ही पंधराशे वर्षांची थोरली बहीण होय. भांडे तांब्याचे आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पातळ लोखंडी कढई घरोघर पोहोचायला अद्याप बराच अवकाश होता. आणि मांसाचे म्हणाल तर ते त्या काळी प्रामुख्याने उकडले जाई, वाफवले जाई किंवा विस्तवावर भाजले जाई.

यापुढचा प्रश्न इंधनाचा, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथेच आहे. चीनमध्ये जळण दुर्मिळ होते म्हणून जलद स्वयंपाक जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. जळण आपल्या मुलखातही दुर्मिळच होते, आणि तरीही आपल्या पाककलेची दिशा नेमकी उलटी गेली. भेद जळणाच्या जातीत आहे. आपल्याकडे गुरांचे शेण गोवऱ्या थापून चुलीत गेले, आणि गोवरीचा विस्तव मंद, धुमसता, तासन् तास टिकणारा असल्यामुळे त्यावर दूध आटले, आमटी मुरली, भाकरी निखाऱ्यावर फुगली. शेतीप्रधान चीनमध्ये खत शेतातच गेले, आणि चुलीत जाण्यासाठी उरला तो भाताचा पेंढा, धान्याची धाटे, वेत, काटक्या. पेंढ्याचा जाळ क्षणात भडकतो आणि क्षणात विझतो. चिनी खेड्यातली मातीची बंदिस्त चूल या जाळाला आवरण्यासाठीच रचलेली आहे. तिच्या माथ्यावरच्या गोल भोकात गोल बुडाची कढई अशी रुतवलेली असते की ज्वाळा बाजूने निसटू न पावता सगळी तिच्या बुडालाच लागते. अशा जाळावर ज्याला शिजवायचे आहे त्याने अन्न आधीच इतके बारीक करून ठेवले पाहिजे की भडका ओसरण्यापूर्वी उष्णता त्याच्या काळजापर्यंत पोहोचेल. सुरीने केलेले काम हे, या दृष्टीने पाहता, वाचवलेले सरपणच होय.

सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, या ग्रामीण काटकसरीला नागर वैभवाची जोड मिळाली. राजधानी कायफंग येथे दगडी कोळसा जळू लागला. तेथील लक्षावधी कुटुंबे कोळशावरच विसंबून होती आणि लाकूड जाळणारे घर सापडत नव्हते, अशी नोंद पुढच्या काळातील एका लेखकाने केली आहे. लोखंड मुबलक झाले, तेलाचे घाणे वाढले. शेन कुओ हा अकराव्या शतकातला विलक्षण चौकस विद्वान. चुंबकसूचीपासून जीवाश्मांपर्यंत सर्वत्र त्याची दृष्टी फिरली, आणि उत्तरेकडच्या लोकांना कोणताही जिन्नस हाती आला की तो तिळाच्या तेलात घालावासा वाटतो, हे निरीक्षणही त्याने टिपून ठेवले. त्याचा दाखला म्हणून तो एक प्रसंग सांगतो. १०४० च्या दशकात दरबारातले काही पंडित एकत्र जमले असता कोणीतरी समुद्राकाठचे जिवंत शिंपले टोपलीभर आणवले आणि ते आचाऱ्याच्या हवाली केले. बराच वेळ लोटला तरी ताट येईना, तेव्हा चौकशी झाली. आचारी म्हणाला, जळून काळे झाले तरी अजून मऊ पडत नाहीत. त्याने ते कवचासकट तेलात घातले होते. ही गोष्ट मी आचाऱ्याच्या अज्ञानासाठी सांगत नाही. एक नवे तंत्र हाती आल्यावर समाज ते प्रथम सर्वत्र लावून पाहतो आणि मग कोठे लावायचे ते शिकतो, हे तिच्यात प्रत्यक्ष दिसते. कारण ११२७ मध्ये कायफंग पडल्यावर परागंदा झालेल्या मंग युआनलाओ याने आपल्या हरवलेल्या नगरीचे जे स्मरणचित्र लिहिले, त्यातील बाजारच्या खानावळींच्या जिनसांत परतलेले खेकडे आहेत आणि परतलेले शिंपलेही आहेत.

त्या यादीत डुकराचे मांस मानाने मिरवत नाही, याला कारण आहे. सोंग दरबाराची आवड मेंढीच्या मांसाची होती. डुक्कर हे खेड्याचे, गरिबाच्या अंगणातले जनावर. घराचा कोंडा, खरकटे, भाजीचे देठ यांवर वाढणारे आणि सणासुदीला उपयोगी पडणारे हे जनावर चिनी कुटुंबाशी इतके एकजीव झाले होते की 'घर' या अर्थाच्या चित्राक्षरात छपराखाली डुक्करच काढलेले आहे. १०८० साली हुआंगजोऊ येथे पदच्युत होऊन आलेल्या सू दोंगपो या थोर कवीने तेथल्या स्वस्त वराहमांसावर कविता केली. पण त्याने सांगितलेली कृती थोड्या पाण्यात, दबत्या विस्तवावर, घाई न करता शिजवण्याची होती. मोठ्या जाळाची आणि डुकराच्या मांसाची सोयरीक पुढे मिंग आणि छिंग या राजवटींत पक्की होत गेली. आज तर चिनी भाषेत विशेषणावाचून नुसते 'मांस' म्हटले की ते डुकराचेच समजले जाते, जसे आपल्याकडे नुसते 'मटण' म्हटले की बकऱ्याचे.

या सोयरिकीला लागणारी कढई दक्षिणेतून आली. क्वांगतुंग प्रांतातील फोशान हे गाव मिंग-छिंग काळात ओतीव लोखंडाच्या कढयांसाठी साऱ्या देशात विख्यात होते, आणि तेथल्या कारागिरांचे कौशल्य भांड्याच्या पातळपणात होते. जाड कढई तापायला वेळ आणि पेंढा दोन्ही खाते, पातळ कढई जाळाचा भडका तत्काळ अन्नापर्यंत पोहोचवते. या कढयांचा लौकिक इतका पसरला की कँटन बंदरात येणारी परदेशी गलबते त्या शेकड्यांनी भरून नेऊ लागली. १७३१ साली त्या सुभ्याच्या जमाबंदीच्या वरिष्ठ अंमलदाराने बादशहा युंगजंग याच्याकडे अर्ज पाठवला, त्यात एकेक गलबत कढयांच्या शंभरापासून हजारापर्यंत जुड्या नेते, असा हिशेब दिलेला होता. परकी मुलखात हे लोखंड वितळवून त्याची हत्यारे होतील, ही सरकारची धास्ती. आणि कढयांच्या निर्यातीला मनाई झाली. स्वयंपाकाच्या भांड्याची तोफबंदुकांच्या पंक्तीत नोंद झाल्याचे असे उदाहरण जगाच्या दफ्तरात फार सापडणार नाही.

आता मी त्या गृहस्थाकडे येतो ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. युआन मेई (जन्म १७१६) हा छिंग काळातला अग्रगण्य कवी. ऐन तारुण्यात त्याने सरकारी चाकरी सोडली, नानजिंगला एक मोडकळीला आलेली बाग घेतली, तिला 'स्वेइयुआन' हे नाव दिले आणि उरलेले आयुष्य तेथे काव्यात, शिष्यांत आणि सुग्रास भोजनात घालवले. एखाद्याच्या घरी जेवण मनाजोगते झाले की तो आपल्या आचाऱ्याला त्या घरच्या चुलीपाशी शिष्याच्या नम्रतेने शिकायला पाठवी. चाळीस वर्षे असा संग्रह करून १७९२ मध्ये त्याने पाकशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात डुकराच्या मांसाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि त्या प्रकरणात आमच्या रविवारच्या पदार्थाचे मूळ स्वरूप जवळजवळ पूर्णावस्थेत आहे. निम्मे मांस आणि निम्मी चरबी अशा पातळ चकत्या करून त्यांना सोयाबीनचा खारा रस चोळावा. तेलात टाकताच चर्र आवाज ऐकू आला की पात, काकडीच्या जातीची फळभाजी, हिवाळी बांबूचे कोंब आणि लसणीच्या गवतासारखे कोवळे कोंब घालावेत. उतरवताना जाळ अत्यंत प्रखर असावा. मांसाचे सळ्यांसारखे तुकडे परतण्याची कृती तर याहून नेमकी आहे. शिरा आणि कातडे काढून मांस कापायचे, खाऱ्या रसात व मद्यात थोडा वेळ मुरवायचे, तेल तापवताना पांढरा धूर निघून तो निळसर होईपर्यंत थांबायचे, मग मांस टाकून हात क्षणभरही न थांबवता परतायचे. थोडे पीठ, व्हिनेगरचा एक थेंब, साखरेची चिमूट. पाणी मुळीच नाही.

धुराच्या रंगावरून तेलाची उष्णता ओळखणे हे ज्याला सुचले त्याने चुलीपाशी उभे राहून पाहिले होते, यात मला शंका नाही. तसाच त्याचा आणखी एक नियम आहे: एका वेळी अर्ध्या चिनपेक्षा अधिक मांस कढईत घालू नये, कारण जिन्नस जास्त झाला की आच सर्वत्र भेदत नाही. तो चिन सोळा ल्यांगांचा, जसा आपला शेर सोळा छटाकांचा. अर्धा चिन म्हणजे आजचे सुमारे ३०० ग्रॅम. याच ग्रंथात विस्तवाचे जे भेद सांगितले आहेत त्यांतल्या 'वेन' आणि 'वू' या दोहोंसाठी मला आपल्या जुन्या कारभारातलेच शब्द सुचतात: मुलकी आणि लष्करी. उकडणे-मुरवणे हे मुलकी विस्तवाचे काम. परतणे हे लष्करी विस्तवाचे, आणि तेथे आच दुबळी पडली तर पदार्थही दुबळा पडतो.

युआन मेईच्या घरी वांग श्याओयू नावाचा आचारी होता. त्याच्या मृत्यूनंतर धन्याने त्याचे चरित्र लिहिले, आणि एका आचाऱ्याचे चरित्र एका महाकवीने लिहावे हा योगच अपूर्व आहे. चुलीपाशी वांग पाखरासारखा उभा राही. पापणी हलत नसे, दृष्टी कढईत खिळलेली, हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे. जळण घालणाऱ्याला तो डोळ्याने खुणावून 'प्रखर' म्हणे, की जाळ तळपत्या सूर्यासारखा होई. 'काढा' म्हणे, की लाकडे एकामागून एक मागे ओढली जात. पदार्थ सिद्ध झाला आणि भांडे पुढे करणाऱ्याने किंचित विलंब केला, तर वैऱ्यावर ओरडावे तसा तो ओरडे, कारण तो क्षण निसटला की परत येणार नाही हे त्याला ठाऊक होते. सुमारे दहा वर्षे तो त्या घरी राहिला. तो गेल्यावर प्रत्येक जेवणाच्या वेळी आपल्याला त्याच्यासाठी रडू येते, असे युआन मेई लिहितो. परतण्याच्या कलेचे याहून सजीव वर्णन मी वाचलेले नाही. एक गोष्ट मात्र त्यातून लख्ख दिसते: हे काम दोघांचे होते. एकाच्या हाती कढई, दुसऱ्याच्या हाती जाळ.

सुरीविषयी थोडे. मांस नीट कापलेले नसेल तर कन्फ्यूशियस ते खात नसे असे त्याच्या वचनसंग्रहात नमूद आहे, म्हणजे कापण्याची प्रतिष्ठा परतण्याहून कितीतरी जुनी. आपल्या विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी पात्याकडे येते; चिनी पाटावर भाजी स्थिर, आणि रुंद, जड पाते तिच्याकडे जाते. त्या एकाच सुरीने चकत्या होतात, सळ्या होतात, तिच्या सपाट अंगाने आले-लसूण चेचले जाते आणि तिच्यावरच उचलून सारे कढईत लोटले जाते. ताटात काड्याच असल्यामुळे जेवणाऱ्याला काही कापायचे उरत नाही. पाते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोत्याच्या नदीच्या मुखाजवळच्या चार तालुक्यांतून, ज्यांना मिळून 'सी यिप' म्हणतात, माणसे पोटासाठी समुद्रापार जाऊ लागली. त्यांतली पुष्कळ सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेली, आणि त्यांच्याच बोलीतल्या 'सटरफटर तुकडे' अशा अर्थाच्या शब्दावरून अमेरिकेत चॉप सुई प्रसिद्धीस आली. काही मुंबई बंदरालाही लागली. माझगावात नवाब टँक रस्त्यावर १९१९ साली बांधलेले त्यांचे छोटेसे देवालय अद्याप उभे आहे, आणि त्याचे नावच 'सी यिप कून' आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी लोकांना राजस्थानात देवळी येथे स्थानबद्ध केले गेले, कित्येक देश सोडून गेले. त्या अन्यायाची खंत या शहराने फारशी बोलून दाखवलेली नाही. त्यांच्या हातचा जाळ मात्र राहिला. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर जो बर्नर भोंगाटतो तो अस्सल लष्करी विस्तव आहे. कढईत डुकराचे मांस मात्र नसते, कोंबडी असते, कोबी असतो.

नानजिंगच्या त्या बाईंचे नाव बू-वेई यांग चाओ. त्यांचे वैद्यकीय शिक्षण जपानात झाले, आणि तेथील जेवण रुचेना म्हणून त्या प्रथम स्वतः रांधायला शिकल्या. त्यांचे पती युएन रेन चाओ हे विख्यात भाषाशास्त्रज्ञ. 'अ‍ॅलिस'च्या गोष्टी चिनी भाषेत त्यांनीच नेल्या. महायुद्धाच्या काळात हे कुटुंब अमेरिकेत केंब्रिज गावी होते, आणि तेथे बाईंनी पाककृती सांगाव्यात, मुलीने इंग्रजीत उतरवाव्यात, पतीने भाषेची उलथापालथ करावी, अशा रीतीने १९४५ चे ते पुस्तक सिद्ध झाले. 'छाओ'चा अर्थ सांगताना बाईंनी जाळ मोठा, तेल बेताचे, हात अखंड चालता, जिन्नस चिरलेला अशी लांबलचक फोड केली आणि मग 'स्टर-फ्राय' हा जोडशब्द पत्करला. मराठी अनुवादकापुढे ती अडचण आली नसती. तरीही आपले परतणे आणि त्यांचे परतणे एक नव्हे. आपण परतून झाकण ठेवतो आणि एक वाफ आणतो, तेथे झाकणाला स्थानच नाही.

माझे बालपण वसईचे. डुकराचे मांस आमच्या घरी पोर्तुगीज अमलापासूनचे. आजी नाताळाच्या दोन दिवस आधी सोरपोतेल करी, व्हिनेगरमध्ये मुरलेले, रोज एकदा उकळी देऊन ठेवलेले, आणि ते चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाहून गोड लागे. मुलकी विस्तवाचेच ते घर. म्हणून पहिल्यांदा मी चिनी पद्धतीने मांस परतायला घेतले तेव्हा किलोभर एकदम कढईत ओतले. आच बसली, मांसाला पाणी सुटले, चकत्या करड्या पडून स्वतःच्याच रसात शिजू लागल्या, कोबी लोळागोळा झाला. चूक माझीच होती, आणि तिचे कारण युआन मेईच्या त्या अर्ध्या चिनच्या नियमात मला पुढे कित्येक वर्षांनी सापडले. आता मांस थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात घट्ट करून घेतो, म्हणजे चकती कागदासारखी निघते. कोबी-गाजर धुऊन पंचावर कोरडे करतो. आणि तीन वाट्यांत तीन वाटे करून ठेवतो. ताई गॅसच्या बटणापाशी उभी राहते. कढईतल्या तेलावरचा पांढरा धूर विरळ होत जातो, त्याच्यात निळसर छटा येते, आणि मी म्हणतो, "ताई, वाढव."